पाठ फिरवली की पुसतात

मोबाईलच्या गेममधलं पाणी कसं बनवतात, हे साऱ्या नारखार गावात एकट्या काळूरामला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक त्यालाही नव्हतंच. पण तो सांगायचा अशा थाटात, की खरं कळून घ्यायची घाई कोणाला व्हायची नाही.

"न्हावा शेव्याला कंटेनर उतरतात, त्यातला एक रिकामा घ्यायचा," सगुणाच्या टपरीबाहेरच्या बाकड्यावर मांडी घालून तो सुरू करायचा. "त्याच्यात काठोकाठ खाडीचं पाणी. वर काच. आत एक माणूस उताणा निजवायचा. त्यानं नुसते पाय हलवत ऱ्हायाचं. वर लाटा दिसतात."

"आन श्वास कुठनं घेतो तो?" दिपेश विचारायचा.

"नळी हाय त्याला. माणूस माणगावकडचा हाय, गरीब हाय, पण जेवणाच्या वेळेला पक्का. तुझा गेम मधेच अडकतो, चाक फिरत बसतं, तवा तो वर येऊन भाकर खातो. उगाच त्या टॉवरवाल्याला शिव्या घालू नको."

दिपेश म्हणजे काळूरामच्या थोरल्या, वारलेल्या भावाचा मुलगा. पन्नाशीला टेकलेला, स्वतःचा ट्रेलर असलेला बाप्या. पण बंदराबाहेरच्या रांगेत गाडी लावून बसता बसता त्याला गोळीबाराच्या गेमचं असं वेड लागलं, की घरी आला तरी जेवणाच्या ताटाशेजारी शत्रू मरत असायचे. त्याची स्वतःची पोरगी, नेत्रा, नवी मुंबईत असले गेमच बनवायच्या कंपनीत कामाला होती. तिला विचारायचं सोडून हा काकाला का विचारतो, असं सगुणानं एकदा तोंडावर म्हटलं. दिपेश म्हणाला, "ती खरं सांगते गो, पण इंग्लिशमधी सांगते. काकाची थाप तरी समजते."

मग शिपायांची पाळी. काळूरामच्या मते शत्रू एकच होता. गोळी लागली की पडायचा, कोणी बघत नाही असं पाहून उठायचा, मागच्या गल्लीतून धावत जाऊन सदरा बदलायचा आणि पुन्हा समोरून यायचा. "खोटं वाटतं तर मेला तिथं जाऊन बघ. सापडतो का मुडदा?" दिपेशनं खरंच गेममधला आपला गडी मागे नेऊन बघितलं. मुडदा नव्हता. त्याचं तोंड असं उघडं पडलं, की सगुणाच्या हातातला चहा हसता हसता सांडला.

आणि गवत? गवत भातलावणीच्या बायका लावायच्या. तू जसा पुढे चालशील तशा त्या मागच्या मुठी उपटून घेऊन पुढे पळायच्या आणि तुझ्या आधी रोवायच्या. "म्हणून लांबचं गवत जरा उशिरानं उगवतं. बायका दमतात रे. वय झालं त्यांचं."

"आन त्यांना मजुरी?" सगुणा कमरेवर हात ठेवून.

"मजुरी कसली? गेम फुकट हाय ना!"

एवढ्या थापांत एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. दिपेश मोबाईल पुढे करायचा, काळूराम मान कलती करून त्याच्याकडे तोंड धरायचा, गोळ्यांचा किंवा लाटांचा आवाज ऐकायचा, "हं" म्हणायचा आणि सुरू व्हायचा. बघायचा नाही. बघायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं.

पहिल्यांदा दिपेशनं मोबाईल समोर धरून "काका, हे पाणी बघ कसलं खरं दिसतं" म्हटलं, तेव्हा काळूरामला दिसलं होतं ते फक्त धुरकट पांढरं. "दिसत न्हाय" म्हणायचं, तर पुढचा प्रश्न आलाच. म्हणून त्यानं ते कसं दिसतं हे सोडून कसं बनवतात हे सांगितलं. सगळे हसले. हसणारी माणसं डोळ्यांकडे बघत नाहीत, हे त्याला त्या दिवशी उमगलं आणि तिथून पुढे थापांचा रतीब सुरू झाला. तालुक्याच्या डोळे तपासणी शिबिरात तो गुपचूप जाऊन आला होता. डोळ्यामागची शीर सुकली, गेलं ते परत यायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. येताना त्यानं एसटी स्टँडवर भजी खाल्ली आणि घरी येऊन कोणाला चकार शब्द बोलला नाही.

आता एखाद्या म्हाताऱ्याला दिसेनासं होतं, यात गावानं एवढं भ्यायचं काय? पण काळूराम बांधाचा राखणदार होता.

रेवस-मांडव्याचा रस्ता सोडून खाडीकडे वळलं की नारखार लागतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात, मधे छातीएवढा मातीचा बांध. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी भाताच्या मुळांच्या वर चढतं आणि बांधाला खेटून उभं राहतं. बांध आहे म्हणून शेत आहे, घरं आहेत. एकदा खारं पाणी आत शिरलं, की दोन-तीन पावसाळे जमीन धुतली तरी भात धड होत नाही. पूर्वी उधाणाआधी घरटी एक माणूस बांधावर जायचा आणि भोकं लिंपायचा. मग माणसं मुंबईला गेली, कंपनीत गेली, ट्रेलरवर चढली, आणि बघायचं काम एका घराकडे राहिलं. काळूरामचा बाप, मग काळूराम. गाव त्याबद्दल सुगीला भात घालायचं आणि नवसाच्या जेवणात पहिल्या पंगतीला बसवायचं.

उधाणाच्या सकाळी तो बांध चालून यायचा, ठमीच्या घरापाशी उतरायचा आणि तोंडाशी हात धरून हाक द्यायचा, "बांध हाऽऽय!" ठमी म्हणजे दिपेशची आई, काळूरामची विधवा वहिनी. तिचं घर बांधाला सगळ्यात जवळ. ती पदर खोचून ओट्यावर यायची आणि पुढच्या घराकडे तोंड करून तीच हाक द्यायची. तिथून पुढची बाई. अशी ती हाक घरोघर फिरत देवळापर्यंत जायची. देवळाजवळच्या बाईनं दिली, की गाव आपापल्या कामाला लागायचं. हाक आली म्हणजे कोणीतरी बघितलं. मग आपण कशाला बघा?

गेली दोन वर्षं ती हाक काळूराम पायांनी बघून देत होता. अनवाणी चालायचा. कुठे मऊ लागतं, कुठे खेकड्यानं पोखरलंय, तळव्याला कळायचं. तिथे बसून हातानं चिखल दाबायचा. अजून काही झालं नव्हतं. अजून काही झालं नव्हतं, हेच त्याला आताशा नको नको व्हायचं.

श्रावणात एकदा टपरीवर दिपेशनं विचारलं, "काका, मी गेममधी पुढं जातो, तवा मागचं गाव कुठं जातं?"

"पुसतात," काळूराम म्हणाला.

"पुसतात?"

"पाठ फिरवली की पुसतात. कोणी बघत न्हाय त्याचा खर्च कोण करील? तू वळून बघायला लागलास की घाईघाईनं परत काढतात. बहुतेक वेळा जमतं."

"आन न्हाय जमलं तर?"

"तर वळून बघायचं, आन मागं नुसतं पाणी."

सगळे हसले. सगुणा म्हणाली, "वंगाळ बोलू नका सणाच्या दिवसांत." काळूरामही हसला, पण त्याच्या अंगावर काटा आला. हे वाक्य आपण कुठून आणलं, ते त्याला कळलं नव्हतं. आधीच्या सगळ्या थापा तो रात्री अंथरुणात जुळवून ठेवायचा. ही आपली आपण आली होती.

भाद्रपदाची अमावास्या आली. पितरांची. वर्षातल्या मोठ्या उधाणांतलं एक, आणि भात नेमकं पोटरीत, लोंबी फुटायच्या बेतात. घरोघरी खिरीचा, वड्यांचा वास, आणि मांडवावर कावळे आधीच येऊन बसलेले. आजोबांच्या पानासाठी नेत्राही आदल्या दिवशी गावी आली होती.

काळूराम सकाळी बांधावर गेला. खाडी ओहोटलेली होती, पण वारा तिकडूनच. तिवरांच्या झाडीतल्या वळणावर, जिथून ठमीचं शेत सुरू होतं, त्याचा डावा पाय गार पडला. तो थांबला. पाय उचलून पुन्हा ठेवला. आतल्या, शेताच्या अंगाला माती ओली होती.

दव असेल.

दव वळणावरच कसं पडेल?

तो बसला. हात लावला. पाणी होतं, थोडंसं, वाहतंय न वाहतंय असं. बांधातून पाणी झिरपतं, त्यात काही नवल नाही. नितळ झिरपलं तर बांध नुसता पाणी गाळतोय. गढूळ आलं, तर पाणी आतून माती खातंय. हे त्याला बापानं शिकवलं होतं. पण नितळ की गढूळ, हे तळपायाला कळत नाही. त्यानं ओंजळभर पाणी डोळ्यांसमोर धरलं. धुरकट पांढरं. बोटं चोळली, बोटांना आधीचाच चिखल होता.

 कोणाला तरी बोलावून "जरा बघ" म्हणायचं, एवढंच होतं. ओंजळ रिकामी करून तो उठला, वळणावर दोन हात चिखल थापला आणि ठमीच्या घराकडे उतरला.

"बांध हाऽऽय!"

"भावजी, आवाज का असा आज?" ठमी म्हणाली. "घसा बसला काय?"

"खीर कमी पडेल म्हणून रडतोय, वयनी."

"तुमच्या भावाला आधी, मग तुम्हाला," ठमी म्हणाली आणि पुढच्या घराकडे तोंड करून तिनं हाक दिली. हाक घराघरांतून पुढे गेली. काळूराम उभा राहून ती दूर जाताना ऐकत राहिला. तिला परत बोलवायची सोय नव्हती.

टपरीवर दिपेश, सगुणा आणि सणाला आलेली चार मंडळी जमली होती. नेत्राही आली. "काळूआजा, मी ऐकलं, माझी नोकरी तुम्हीच चालवताय," ती म्हणाली. "माणगावच्या माणसाला पगारवाढ मागायची आहे. माझ्याकडे अर्ज आलाय त्याचा."

टपरीवर हशा फुटला. काळूरामला जरा बरं वाटलं.

"तू काय बनवतेस गो तिथं?"

"पाणी," नेत्रा म्हणाली. "खरंच. समुद्र, नद्या, डबकी. आता आपलीच खाडी बनवलीय. बांध, तिवरं, आजीचं घर, सगळं. बघा." तिनं त्याच्या हातात मोबाईल दिला. "आवाज नाही हं अजून घातलेला."

आवाज नाही. काळूरामनं मान कलती केली. उन्हात काच चमकत असेल असं धरून त्यानं हाताचा आडोसाही केला.

"वा! झाक जमलंय. हे तिवरांचं कसं करतात, मला ठाव हाय. जुने झाडू उलटे रोवायचे. आन हा बांध बघ, हा मिठागरावरच्या काळ्या प्लास्टिकचा केलाय, वरनं माती भुरभुरलीय. वयनीचं घर जरा वाकडं आलं, पण ते तसंच हाय. आन ही ओट्यावर वयनी! रागावलेली. हुबेहूब!"

दिपेश बाकड्यावर लोळायचा बाकी राहिला. "आयला, काका!" सगळ्यांना वाटलं, म्हातारा आज रंगात आहे. कारण मोबाईल बंद होता. काळाठिक्कर. नेत्रानं गंमत म्हणून तसाच हातात दिला होता, आजा म्हणेल, "पोरी, खाडीत अंधार का?"

नेत्रा हसायला लागली आणि मधेच थांबली. आजाच्या बुबुळांकडे बघत राहिली. तिनं हळूच हात त्याच्या तोंडासमोरून फिरवला. तो काळ्या काचेकडे तोंड करून ठमीच्या नाकाबद्दल बोलतच होता.

ती त्याच्या शेजारी बसली. बाकीचे हसण्यात होते. "आजा, सकाळी बांध बघितला?"

"हाक ऐकली न्हाईस?"

"कशानं बघितला?"

काळूरामनं मोबाईल बाकड्यावर ठेवला. टपरीवर हशा चालूच होता आणि त्यातून त्याला खाडी ऐकू आली. भरती लागली होती.

"चल," तो म्हणाला. "जरा पाय मोकळे करू."

लोकांना वाटलं, आजा-नात गप्पा मारायला निघाली. दोघं बांधावर चढली. मग काळूराम, पुढे चालत, उगाच विचारावं तसं म्हणाला, "तुमच्या त्या गेममधी माणूस पाठ फिरवतो, तवा मागचं गाव पुसतात का गो?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी थाप मारलीय."

"खरं आहे ते," नेत्रा म्हणाली. "बघणाऱ्याच्या नजरेत जे येत नाही, ते आम्ही काढतच नाही. बाकीच्या सगळ्या थापा आहेत, आजा. ती एक खरी आहे."

 काळूरामची चाल वाढली. एका अंगाला पाणी आता बांधाच्या कमरेला आलं होतं, आणि त्याला ते दिसत नसलं तरी त्याची थंडी उजव्या गालाला लागत होती. वळणावर तो थांबला. सकाळी थापलेला चिखल पायाखाली नव्हता.

"आतल्या अंगाला बघ. ओलं हाय?"

"ओलं नाही आजा, वाहतंय. बोटाएवढी धार आहे."

"रंग सांग."

"काय?"

"पाण्याचा रंग सांग, पोरी. नितळ हाय की गढूळ?"

नेत्रा खाली वाकली. वाऱ्यानं भात एका बाजूला झोपलं आणि उठलं.

"चहासारखं आहे," ती म्हणाली. "दुधाच्या चहासारखं."

ही दुसरी हाक काळूरामनं कधी दिली नव्हती. बापानंही दिली नव्हती. बापाच्या बापानं दिली होती म्हणतात. त्यानं तोंडाशी हात नेला. 

"बांध न्हाऽऽय!"

ठमी ओट्यावर आली. तिच्या हातात पितरांचं पान होतं. "भावजी, असली मस्करी आजच्या दिवशी? सकाळी हाय म्हणालात ना!"

"सकाळी मी बघितलं न्हाय, वयनी! मला दिसत न्हाय! हाक दे!"

ठमी तेवढाच वेळ उभी राहिली, जेवढा पान खाली ठेवायला लागतो. मग ती पुढच्या घराकडे वळली, आणि तिच्या गळ्यातून निघालेली हाक ऐकून मांडवावरचे कावळे उडाले.

हाक देवळापर्यंत गेली आणि माणसं आली. वाढलेली पानं तशीच टाकून आली. बाप्ये थोडे, बाया फार. पेंढा आला, खताच्या गोणी आल्या, कोणी घराचं दार उचकटून आणलं, सगुणानं टपरीवरचा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स ओढून आणला आणि त्यातल्या हसऱ्या पुढाऱ्यासकट भोकात कोंबला. चिखलाची ढेकळं हातोहात. धार मनगटाएवढी झाली, मग मांडीएवढी. एकदा बांधाचा दोन हात तुकडा बसल्यासारखा खाली गेला आणि ठमीच्या शेतात पाणी फसफसत शिरलं. दिपेश त्या भोकात पाठ देऊन उभा राहिला. त्याच्या पाठीवर लोकांनी गोणी रचल्या, मग त्याला खालून ओढून काढला. काळूरामला कोणी काही करू देईना, तेव्हा तो वळणाच्या पलीकडे बसला आणि दोन्ही तळवे मातीवर टेकून सांगत राहिला, "इथं थरथरतंय. इथं टाका. आता इथं."

पाणी चढायचं थांबलं. बराच वेळ ते बांधाच्या ओठाशी थबकून राहिलं, जशी दारात एखादी बाई आत यावं की न यावं अशी उभी राहते. मग ओसरू लागलं.

ठमीच्या शेताचा खालचा तुकडा खाऱ्या पाण्यात गेला होता. बाकीचं भात उभं होतं. माणसं चिखलानं माखून बांधावर बसली. गावात कावळ्यांनी सगळ्या घरची पानं एकदम खाल्ली होती. कोणाचे पितर जेवले आणि कोणाचे उपाशी राहिले, ते कळायला मार्ग नव्हता.

"काका," दिपेश म्हणाला. त्याला राग आला होता, पण तो कुठून सुरू करावा ते सुचत नव्हतं. "तू त्या मोबाईलमधी दोन वर्षं काय बघत होतास?"

"तुझं हसणं ऐकत होतो."

ठमी शेताकडे बघत होती. तिनं वळून बघितलं नाही. "भावजी, उद्यापासून हाक मी देईन," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या पुढं चाला. पाय तुमचे, डोळे माझे. आन आज खीर मिळणार न्हाय."

"व्हय," काळूराम म्हणाला.

ऊन उतरायला लागलं. अमावास्येला दोन भरत्या. दुसरी मध्यरात्री येणार, आणि भरलेलं भोक अजून ओलं होतं, हे सांगायची गरज कोणालाच नव्हती. काही जण कंदील आणि पेंढा आणायला गावाकडे निघाले. दिपेश उठला, दोन पावलं चालला आणि थांबला. मग तो वळला, बांधाकडे तोंड केलं आणि मागे मागे चालत उतरू लागला.

"काय रे हे?" सगुणा म्हणाली.

"काही न्हाय," दिपेश म्हणाला. "पुसतात म्हणे."

सगुणा हसली. हसता हसता तिनं मागे बघितलं, मग ओहोटणाऱ्या खाडीकडे बघितलं. मग तीही तशीच, उलट्या पावलांनी, पदर सावरत उतरू लागली. तिच्या मागून आणखी दोघी. बांधावर काळूराम बाकीच्यांपासून जरा बाजूला बसून त्या पावलांचा आवाज ऐकत होता, आणि ती त्याच्याकडे येतायत की त्याच्यापासून दूर जातायत, हे त्याला कळत नव्हतं.